ॲपोएल-१ : चंद्रपूरचा ताप, बोस्टनचं जनुक आणि एका औषधाची दिशा

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला. यायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. असे पाच महिने गेले. विदर्भात असा ताप म्हटला की आधी मलेरिया आठवतो आणि रक्ताची काच बघितली जाते. या माणसाच्या रक्तात जे दिसलं ते मलेरियाचं नव्हतं. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत ठाण मांडून असतो. इथे पेशींच्या मधल्या जागेत लांबट, वळसेदार जीव होते. अंगाला लागून एक पातळ झालर, आणि तीच पुढे शेपटीसारख्या तंतूत निघालेली. हे ट्रिपॅनोसोम होते. ताप चढे-उतरे तशी रक्तातली त्यांची संख्याही कमी-जास्त होत होती.

ट्रिपॅनोसोम म्हटलं की आफ्रिकेतला निद्रारोग समोर येतो, पण तो पसरवणारी त्सेत्से माशी भारतात नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी प्रकरण तिथे सोडून दिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि परदेशी तज्ज्ञांच्या मदतीनं परजीवीची जात ठरवली गेली : ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. गुरं पाळणाऱ्यांना हा रोग ‘सर्रा’ या नावानं माहीत आहे. घोडा, उंट, बैल, म्हैस यांना तो होतो आणि चावऱ्या घोडमाश्या तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं १८८० साली पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात हा जीव पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून सव्वाशे वर्षं भारतातले शेतकरी सर्रा झालेल्या जनावरांच्या शेजारी राहिले, त्यांचं दूध काढलं, त्यांच्या जखमा धुतल्या, त्याच माश्यांचे चावे सोसले. माणसाला सर्रा होत नाही, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मग याच माणसाला का झाला?

या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना, पुढे किडनीच्या एका नव्या औषधाला लागणारा सर्वांत मोलाचा पुरावा हाती आला. शोधणाऱ्यांना तेव्हा त्याची कल्पना नव्हती. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यासाठी. मानवी शरीरात प्रथिनांची सुमारे वीस हजार जनुकं आहेत आणि त्यातल्या मोठ्या भागावर कुणी फारसं काम केलेलं नाही. अशा एखाद्या प्रथिनाला औषधाचं लक्ष्य करायचं तर नुसतं ‘त्याचा रोगाशी संबंध आहे’ एवढं कळून भागत नाही. ते वाढवायचं की दाबायचं? आणि दाबलं तर माणूस नीट जगेल का? ॲपोएल-१ या प्रथिनाच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरं चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्यानं दिली.

रक्तातला पहारेकरी

माणसाचं रक्तजल ट्रिपॅनोसोमना मारतं, हे लाव्हेरान या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०२ साली पाहिलं होतं. परजीवी भरलेल्या उंदराला माणसाचं रक्तजल टोचलं की परजीवी नाहीसे व्हायचे. पण रक्तजलातला नेमका कोणता घटक हे करतो, ते कळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९७०च्या दशकाच्या अखेरीला एवढं समजलं की ही ताकद एचडीएलच्या कणांमध्ये आहे, म्हणजे रक्ततपासणीच्या कागदावर ज्याला आपण ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणून ओळखतो त्यात.

ॲपोएल-१ हे प्रथिन १९९७ साली वेगळं ओळखलं गेलं, तेही एचडीएलला चिकटलेलं एक नवं प्रथिन म्हणूनच. ते करतं काय, याचा पत्ता नव्हता. जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर, शेजारी त्याची पाच भावंडं, लांबी ३९८ अमिनो आम्लांची. त्याकडे दुर्लक्ष होण्याचं एक साधं, व्यवहारी कारण होतं : हे जनुक उंदरात नाही. माणसात आहे, गोरिलात आहे, बबूनसारख्या काही माकडांत आहे, पण चिंपांझीतही ते कामाचं उरलेलं नाही. प्रयोगशाळेतलं निम्मं जीवशास्त्र उंदरावर चालतं. उंदरात नसलेल्या जनुकाचं काम शोधायला हात घालणारे थोडे, आणि त्यासाठी पैसे देणारे त्याहून थोडे. कोणती प्रथिनं ‘महत्त्वाची’ ठरतात हे बऱ्याचदा आपल्याकडच्या साधनांवर ठरतं, माणसाच्या गरजेवर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००३ साली ब्रसेल्सच्या मुक्त विद्यापीठातल्या एतिएन पेज यांच्या गटानं कोडं सोडवलं. रक्तजलातला मारेकरी घटक म्हणजे हेच ॲपोएल-१. त्याची काम करण्याची रीत बघण्यासारखी आहे. एचडीएलच्या कणावर ॲपोएल-१ सोबत हॅप्टोग्लोबिनचं एक भावंड-प्रथिन बसलेलं असतं आणि त्याला हिमोग्लोबिन चिकटतं. ट्रिपॅनोसोमला हिमोग्लोबिनमधलं हीम, म्हणजे लोह धरून ठेवणारा भाग, हवं असतं, म्हणून तो हा कण स्वतःहून आत ओढून घेतो. कण पेशीच्या आतल्या आम्लधर्मी कप्प्यांत पोचला की ॲपोएल-१ कणापासून सुटतं आणि पडद्यात घुसतं. तिथे ते एक छिद्र तयार करतं, ज्यातून धन आयन वाहू लागतात. क्षारांचा तोल सुटतो, पाणी आत शिरतं, परजीवी फुगतो आणि फुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली आधी त्याच्या पोटातला लायसोसोम, म्हणजे पचनाचा आम्लधर्मी कप्पा, फुगत जाताना दिसतो, मग तो अख्खा.

निद्रारोग करणाऱ्या दोन उपजातींनी यावर तोड काढली आहे. पूर्व आफ्रिकेतली ऱ्होडेसिएन्स ही उपजात एसआरए नावाचं प्रथिन बनवते. ते ॲपोएल-१ला घट्ट पकडून निकामी करतं. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बिएन्सची युक्ती वेगळी आहे. सर्र्याच्या परजीवीकडे मात्र असली काही तयारी नसते. त्यामुळे धडधाकट माणसाच्या रक्तात त्याचा टिकाव लागायला नको होता.

म्हणून ब्रसेल्सच्या गटानं नागपूरच्या डॉक्टरांबरोबर त्या शेतकऱ्याचं रक्तजल तपासलं. त्यात ट्रिपॅनोसोम टाकले तर ते मजेत जगले. ॲपोएल-१ शोधलं तर सापडलं नाही. जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये अक्षरं वाचण्याची चौकट सरकवणारे बदल होते, पुढचा सगळा मजकूर चुकीचा वाचला जात होता, त्यामुळे प्रथिन तयारच होत नव्हतं. मग प्रयोगशाळेत बनवलेलं ॲपोएल-१ त्याच रक्तजलात मिसळलं, आणि परजीवी मरू लागले. मला हा प्रयोग फार आवडतो. एकच गोष्ट काढलेली होती, तीच परत घातली आणि काम सुरू झालं. याहून सरळ पुरावा जीवशास्त्रात क्वचित मिळतो. हे संशोधन २००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं.

शेतकरी सुरामिननं बरा झाला. हे शतकभर जुनं औषध मेंदूत पोचत नाही, त्यामुळे परजीवी मज्जासंस्थेत शिरलेले नाहीत याची खात्री करूनच ते द्यावं लागतं. त्याच्या बाबतीत ते शिरलेले नव्हते.

प्रकरण इथे मिटलं असतं. वैद्यकाच्या ग्रंथांत ‘एक विलक्षण रुग्ण’ म्हणून त्याची नोंद राहिली असती.

बोस्टन, २०१०

आता विषय बदलतो. अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांमध्ये किडनी निकामी होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत कित्येक पट जास्त आहे. वर्षानुवर्षं याचं खापर रक्तदाबावर, गरिबीवर, उपचार न मिळण्यावर फोडलं गेलं. त्या कारणांत तथ्य होतंच, पण तेवढ्यानं हिशेब पुरा होत नव्हता. २००८ साली दोन गटांनी जनुकांच्या नकाशावर बाविसाव्या गुणसूत्राचा एक भाग दाखवला आणि संशय एमवायएच-९ या जनुकावर घेतला. जनुक ओळखीचं होतं, किडनीच्या गाळण्यांमध्ये त्याचं काम असतं हे माहीत होतं, म्हणून सगळ्यांना ते पटलं. पण त्या जनुकात रोग घडवेल असा बदल काही केल्या सापडेना.

खरा गुन्हेगार शेजारच्या घरात होता. २०१० साली बोस्टनमधल्या मार्टिन पोलॅक आणि डेव्हिड फ्रीडमन यांच्या गटानं, एतिएन पेज यांच्या सोबतीनं, ॲपोएल-१मधले दोन बदल दाखवून दिले. इस्राएलमधल्या कार्ल स्कोरेकी यांच्या गटानंही त्याच सुमारास तेच सांगितलं. या बदलांना जी-१ आणि जी-२ म्हणतात. जी-१मध्ये दोन अमिनो आम्लं बदललेली आहेत, जी-२मध्ये दोन गळलेली. मूळ रूपाला जी-० म्हणतात.

यातला धोका लहानसहान नव्हता. सामान्य आजारांच्या जनुकशास्त्रात धोका दहा-वीस टक्क्यांनी वाढला तरी मोठी बातमी होते. इथे जी-१ किंवा जी-२च्या मिळून दोन प्रती असलेल्या माणसाला एफएसजीएस, म्हणजे किडनीच्या गाळण्यांवर वण पडत जाण्याचा आजार, होण्याची शक्यता दहापट निघाली. ज्याचं कारण रक्तदाब असं लिहिलं जायचं त्या किडनी-निकामीपणाची शक्यता सातपट. पुढच्याच वर्षी एचआयव्हीमुळे होणाऱ्या किडनीविकाराचा आकडा आला : एकोणतीसपट. आफ्रिकन-अमेरिकन लोकांपैकी सुमारे १३ टक्के लोकांकडे अशा दोन प्रती आहेत. युरोपीय वंशाच्या लोकांत हे बदल जवळपास नाहीत.

इतकं घातक जनुक लोकसंख्येत एवढं पसरलंच कसं? गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकाला हे समजावून सांगायची फारशी गरज नाही, कारण सिकलसेल तिथे घरोघरी माहीत आहे. एक प्रत मलेरियापासून राखते, दोन प्रती आजार देतात. ॲपोएल-१चं गणित त्याच वळणाचं आहे. जी-१ आणि जी-२ रूपातलं प्रथिन ऱ्होडेसिएन्सच्या एसआरएच्या तावडीतून निसटतं आणि जो परजीवी जी-०ला दाद देत नव्हता त्यालाही मारू शकतं. जी-२चं संरक्षण प्रत्यक्ष रुग्णांतही दिसलं. गॅम्बिएन्सच्या बाबतीत चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे : जी-१ असलेल्या माणसात संसर्ग होतो पण आजार उफाळत नाही, असं आढळलं. ज्या मुलखात निद्रारोगानं गावंच्या गावं ओस पडत, तिथे हे बदल टिकले आणि वाढले. नायजेरियातल्या योरुबा लोकांत तर जी-१ फार मोठ्या प्रमाणात आढळतो.

रक्षणासाठी धारदार केलेलं प्रथिन किडनीवर उलटलं. कुंपणानंच शेत खाल्लं.

वाढवायचं की दाबायचं?

औषध शोधणाऱ्यासाठी सगळ्यात कठीण वळण हे होतं. या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

रोग दोन प्रती असल्यावर होतो, एक असली तर सहसा नाही, असं तेव्हाच्या आकड्यांत दिसत होतं. जनुकशास्त्राच्या वर्गात शिकवतात ते असं : दोन्ही प्रती बिघडल्यावरच आजार होत असेल तर त्या जनुकाचं काम बंद पडल्यानं आजार झालेला असतो, कारण एक चांगली प्रत असली की काम भागतं. हा तर्क लावला तर जी-१ आणि जी-२ हे ‘मोडके’ ॲपोएल-१ ठरतात. किडनीला ॲपोएल-१ लागतं, ते मिळत नाही, म्हणून गाळण्या खराब होतात. तसं असेल तर औषधानं चांगलं ॲपोएल-१ पुरवायला हवं, किंवा त्याचं काम वाढवायला हवं.

दुसरी शक्यता नेमकी उलट होती. जी-१ आणि जी-२ मोडलेले नसून विषारी झालेले असतील. ती प्रथिनं आपलं छिद्र पाडण्याचं काम चुकीच्या ठिकाणी, किडनीच्या पेशींतच करत असतील. तसं असेल तर औषधानं त्यांना दाबायला हवं. तेव्हा ॲपोएल-१ वाढवणारं औषध देणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

उंदराला विचारून हे कळलं नसतं. उंदरात हे जनुक नाही आणि त्याची किडनी उत्तम चालते, पण तो उंदीर आहे. ज्याच्या अंगात ॲपोएल-१ जन्मापासून नाही असा माणूस हवा होता, आणि त्याच्या किडन्या तपासायला हव्या होत्या.

असा माणूस वैद्यकाला माहीत होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या किडनी-संशोधकांनी, आधीच्या कामात असलेल्या नागपूरच्या सहकाऱ्यांबरोबर, चंद्रपूरच्या त्याच शेतकऱ्याकडे पुन्हा चौकशी केली. त्याच्या गावातल्या इतरांच्या ॲपोएल-१ जनुकाचीही तपासणी झाली. ज्याच्या शरीरात हे प्रथिन थेंबभरही नाही त्या माणसात गाळण्यांवर वण पडण्याच्या आजाराचं लक्षण नव्हतं. किडनीला ॲपोएल-१ लागतच नाही. मग जी-१ आणि जी-२ हे ‘कमी पडणारे’ नाहीत, ‘जादा करणारे’ आहेत.

एका माणसावरून एवढा निष्कर्ष? शंका रास्त आहे. पण इथे प्रश्न सरासरीचा नव्हता. ‘हे प्रथिन नसेल तर किडनी बिघडतेच का’ असा प्रश्न होता, आणि ‘नाही’ म्हणायला एक निरोगी माणूस पुरतो. शिवाय पुढची साक्ष त्याच बाजूनं येत गेली. २०१७ साली माणसाचं जी-१ किंवा जी-२ उंदराच्या पोडोसाइटमध्ये, म्हणजे गाळणीला पायासारख्या फाट्यांनी वेढून बसणाऱ्या पेशींत, घातलं तेव्हा उंदरांना किडनीचा आजार झाला. जी-० घातलं तेव्हा झाला नाही. पेशींच्या प्रयोगांत विषारी रूपांमुळे पोटॅशियम बाहेर गळताना दिसलं, म्हणजे परजीवीला मारणारं तेच छिद्र.

किडनी प्रत्यारोपणानं आणखी एक गोष्ट पक्की केली. दोन घातक प्रती असलेल्या दात्याची किडनी बसवली तर ती लवकर निकामी होते. किडनी घेणाऱ्याच्या अंगात कोणत्या प्रती आहेत याचा तसा परिणाम दिसत नाही. रक्तात फिरणारं ॲपोएल-१ मुख्यतः यकृतातून येतं, आणि ते घेणाऱ्याचं असतं. म्हणजे नुकसान रक्तातलं प्रथिन करत नाही, किडनीच्या पेशींनी स्वतः बनवलेलं करतं. औषध त्या पेशींच्या आत पोचायला हवं, हे यावरून ठरलं.

दोन घातक प्रती असलेले बहुतेक लोक तरीही आयुष्यभर ठणठणीत राहतात. काहीतरी दुसरा धक्का लागतो, आणि तो बऱ्याचदा इंटरफेरॉनचा असतो. विषाणूशी लढताना शरीर इंटरफेरॉन सोडतं आणि त्यानं ॲपोएल-१चं उत्पादन एकदम वाढतं. एचआयव्हीत हेच होतं, कोविडच्या साथीत हेच दिसलं, आणि औषध म्हणून इंटरफेरॉन घेतलेल्या रुग्णांतही दिसलं. मूळ विषारी प्रथिन तेच, पण त्याचा साठा वाढला की किडनी कोसळते. हाही ‘दाबा’ म्हणणारा पुरावा.

आणि २०२३ साली निसर्गानंच केलेला एक प्रयोग उजेडात आला. काही लोकांच्या जी-२ प्रतीवर आणखी एक छोटा बदल असतो, २६४ क्रमांकाच्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं. या बदलानं छिद्रातून आयन वाहणं बंद होतं. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना दोन घातक प्रती असूनही किडनीच्या आजाराचा धोका फारसा उरत नाही. औषधानं जे करायचं होतं ते या लोकांच्या शरीरात जन्मापासून होत आलं आहे.

गोळी

व्हर्टेक्स या अमेरिकी कंपनीनं ॲपोएल-१चं छिद्र बंद करणारा छोटा रेणू तयार केला. त्याचं नाव इनॅक्साप्लिन. पहिल्या छोट्या चाचणीचे निकाल मार्च २०२३मध्ये आले. दोन घातक प्रती आणि बायोप्सीनं सिद्ध झालेला एफएसजीएस असलेले १६ रुग्ण तीत होते. पहिले दोन आठवडे दिवसाला १५ मिलिग्रॅम, मग अकरा आठवडे ४५ मिलिग्रॅम. औषध नेमानं घेतलेल्या १३ जणांच्या लघवीतून जाणारं प्रथिन तेराव्या आठवड्याला सरासरी ४७.६ टक्क्यांनी घटलं होतं. दुष्परिणामांमुळे कुणाला औषध सोडावं लागलं नाही.

किडनीच्या रुग्णाच्या घरच्यांना लघवीतल्या प्रथिनाचा आकडा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. दर तपासणीला पहिली नजर त्या आकड्याकडे आणि दुसरी क्रिएटिनिनकडे जाते. तेरा आठवड्यांत तो जवळपास अर्ध्यावर आला, आणि रोगाच्या मुळाशी घाव घालून आला, हे मोठं काम आहे. पण या चाचणीत तुलनेसाठी बनावट गोळी (प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी) घेणारा गट नव्हता, माणसं मूठभर होती, काळ थोडा होता. लघवीतलं प्रथिन घटलं म्हणजे डायलिसिस टळलं असं लगेच म्हणता येत नाही. म्हणून २०२२ सालीच ॲम्प्लिट्यूड नावाची मोठी चाचणी सुरू झाली. ती बनावट गोळीशी तुलना करते, रुग्णांना बराच काळ औषध देते आणि किडनीचं काम किती वेगानं घसरतं ते मोजते. तिचा निकाल हीच खरी परीक्षा.

इतर वाटाही चालू आहेत. ॲपोएल-१ बनवण्याचा जनुकाचा संदेश पेशीतच नष्ट करणारे ‘अँटिसेन्स’, म्हणजे त्या संदेशाला चिकटणारे उलट अक्षरांचे, न्यूक्लिइक आम्लाचे तुकडे एका गटानं हाती घेतले आहेत. बॅरिसिटिनिब हे सांधेदुखीचं, आधीपासून बाजारात असलेलं औषध इंटरफेरॉनचा इशारा अडवतं, तेही ड्यूक विद्यापीठात आजमावलं जात आहे. मला या शेवटच्या वाटेबद्दल विशेष आशा वाटते. जुनं औषध स्वस्त होऊ शकतं, आणि या आजाराचे सर्वांत जास्त रुग्ण जिथे आहेत तिथे किंमत हाच पहिला अडथळा असणार आहे.

दाबण्याची किंमत

शेतकऱ्याच्या साक्षीचा दुसरा अर्धा भाग विसरून चालणार नाही. ॲपोएल-१ नसूनही त्याच्या किडन्या शाबूत होत्या, पण ते नव्हतं म्हणूनच त्याला जनावरांचा रोग झाला.

हा धोका किती मोठा मानायचा? त्याच्या गावात १८०६ लोकांची रक्ततपासणी झाली होती. पाचात एकाहून जास्त लोकांमध्ये सर्र्याच्या परजीवीविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी होकारार्थी आली. त्यातल्या काहींची प्रतिक्रिया इतर कशामुळेही असू शकेल. पण ज्यांची प्रतिक्रिया ठळक होती त्यांच्या रक्तात शोधूनही परजीवी सापडला नाही. परजीवीशी गाठ बहुधा अनेकांची पडत असावी, आणि ॲपोएल-१ त्याला तिथल्या तिथे संपवत असावं. म्हणजे आपण ज्याला दाबायला निघालो आहोत ते प्रथिन विदर्भातल्या गोठ्यात आजही कामावर आहे.

याच्या उलट बाजूचाही एक दाखला आहे. २०१५ साली व्हिएतनाममधल्या एका बाईला सर्र्याचा संसर्ग झाला. तिच्या ॲपोएल-१मध्ये काही खोट नव्हती, रक्तातलं प्रमाणही ठीक होतं. त्यामुळे हे प्रथिन असलं की माणूस पूर्ण सुरक्षित, असं म्हणता येत नाही, आणि ते नसलं की संसर्ग होणारच, असंही नाही. भारतात सर्र्याचा धोका असलेल्या माणसांना हे किडनीचं औषध लागण्याची शक्यता कमीच आहे, कारण जी-१ आणि जी-२ मुख्यतः आफ्रिकन वंशाच्या लोकांत आढळतात. अमेरिकेतल्या शहरात राहणाऱ्या रुग्णाला ना घोडमाशीची भीती, ना त्सेत्से माशीची.

नायजेरिया आणि घाना इथे मात्र हा हिशेब कसोटीचा आहे. २०२४ साली त्या दोन देशांतल्या आठ हजारांहून जास्त लोकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन घातक प्रती असलेले सुमारे ३० टक्के, आणि एकच प्रत असलेले ४३ टक्के. आणखी महत्त्वाचं म्हणजे एकच प्रत असलेल्यांतही किडनीच्या जुनाट आजाराची शक्यता १८ टक्क्यांनी जास्त निघाली, एफएसजीएसची तर ६१ टक्क्यांनी. ‘दोन प्रती लागतातच’ हे २०१० पासूनचं गृहीत तिथे ढिलं पडलं. विषारी प्रथिन थोडं असलं तरी थोडं नुकसान करणारच, हे दाबण्याच्या बाजूच्या तर्काला धरूनच आहे. पण आजवर औषधाचा विचार दोन प्रती असलेल्या रुग्णांभोवती फिरला. एक प्रत असलेल्या कोट्यवधी लोकांपैकी कुणाला ते द्यायचं, हे कुणी ठरवलेलं नाही.

ज्या देशांत डायलिसिस बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे तिथे अशी गोळी अमेरिकेपेक्षा जास्त गरजेची आहे. आणि परजीवीही तिथेच आहेत. म्हणून माझं म्हणणं असं आहे की तिथे औषध पोचेल तेव्हा सोबत ट्रिपॅनोसोमची नियमित तपासणी पोचायला हवी. औषध घेणाऱ्याला रेंगाळणारा ताप आला तर मलेरिया म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवण्याआधी त्याच्या रक्ताची काच बघितली गेली पाहिजे, पेशींच्या आत आणि पेशींच्या मधल्या जागेतही. चाचण्यांच्या आराखड्यात ही तपासणी आत्ताच घालायला हवी, औषध बाजारात आल्यावर नव्हे.

आणखी एक मागणी मी करीन. त्या शेतकऱ्याचं नाव कुठेही छापलेलं नाही, आणि ते तसंच राहावं. पण ॲपोएल-१ नसलेला माणूस सत्तरीत, ऐंशीत कसा असतो हे जगाला ठाऊक नाही, आणि वर्षानुवर्षं हे औषध घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ते ठाऊक असायला हवं. त्याची आणि त्याच्यासारख्या आणखी कुणी सापडले तर त्यांची, त्यांच्या संमतीनं आणि त्यांच्या सोयीनं, वर्षातून एकदा नीट तपासणी व्हावी. त्या तपासणीबरोबर त्यांच्या उपचारांचा खर्चही कुणीतरी उचलावा. या औषधावर जे कमावतील त्यांना तो जड जाणार नाही.